राजा कुणाच्या ताब्यात? बडोद्याच्या यादवीवरचं नाटक बसवताना

दुबळ्या राजावरचं नाटक बहुतेक वेळा पहिल्या वाचनालाच फसतं. राजाचे संवाद कमी, म्हणून ती भूमिका मंडळातल्या नवख्या किंवा 'चालून जाईल' अशा नटाला मिळते. दमदार आवाजाचे नट दिवाण, सेनापती, बंडखोर होतात. मग तालमीत नाटक तलवारबाजीचं आणि कारस्थानांचं होत जातं. राजा गादीवर बसून राहतो आणि दुसऱ्या अंकात प्रेक्षक विचारतात की हे सगळे नक्की कशासाठी भांडतायत.

ते भांडतात राजासाठीच. सत्ता राजाच्या नावानं चालते, पण राजाला ती चालवता येत नाही, तेव्हा राजाचं शरीर आणि त्याचा शिक्का हाच खजिना होतो. म्हणून बसवताना एकच नियम धरा: या क्षणी राजा कुणाच्या ताब्यात आहे, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला एकही संवाद न ऐकता दिसलं पाहिजे. नेपथ्य, कपडे, प्रकाश, लढाया सगळं या नियमावर तपासायचं.

बडोद्याच्या मंडळींना यासाठी दूर जायला नको. बडोद्याचे राजे आनंदराव गायकवाड यांचा काळ, विशेषतः १८०० ते १८०२, हा विषय आपल्या गावाचा आहे आणि रंगमंचासाठी जणू आधीच बांधलेला आहे. पुढचं सगळं तोच विषय धरून लिहिलं आहे. तुमची संहिता दुसऱ्या दरबाराची असली तरी पद्धत हीच लागू पडेल.

आधी ताब्यांचा तक्ता, मग संहिता

गादीवरचे गोविंदराव १८०० मध्ये वारले आणि त्यांचे थोरले चिरंजीव आनंदराव गादीवर आले. इंग्रजी कागदपत्रं त्यांना मंदबुद्धी म्हणतात, अफूचाही उल्लेख करतात. हे लिहिणारे ईस्ट इंडिया कंपनीचे लोक होते आणि राजा असमर्थ ठरण्यात त्यांचा फायदा होता. ही गोष्ट लेखक आणि दिग्दर्शक दोघांनी कायम ध्यानात ठेवावी. राजा दुबळा होता, पण किती आणि कशात, हे ठरवायचा तुम्हाला हक्क आहे.

आता एका मोठ्या कागदावर चार ओळी मांडा.

पहिला ताबा सावत्र भाऊ कान्होजीचा: तो कारभार बळकावतो आणि राजाला कोंडून ठेवतो. दुसरा दिवाण रावजी आप्पाजींचा: १८०१ च्या सुरुवातीला ते अरब जमादारांच्या, म्हणजे दरबारच्या भाडोत्री अरब शिपायांच्या नायकांच्या, मदतीनं कान्होजीला काढून कारभार हातात घेतात, भाऊ बाबाजी फौज सांभाळतो. तिसरा अरबांचा: १८०२ च्या अखेरीस ते शहर आणि राजा दोन्ही धरून बसतात, कैदेतल्या कान्होजीलाही सोडवतात. चौथा कंपनी सरकारचा, म्हणजे मेजर अलेक्झांडर वॉकरचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये युद्ध येतं. कडीचे मल्हारराव गायकवाड, नात्यानं राजाचे काका, कान्होजीची बाजू घेऊन उठतात. गादीवरचे आधीचे गायकवाड फत्तेसिंहराव यांची कन्या गजराबाई सुरतेहून याच बाजूनं खटपट करते. दोन्ही पक्ष मुंबईच्या गव्हर्नराकडे, जोनाथन डंकनकडे, धाव घेतात. १८०२ च्या सुरुवातीला वॉकर फौज घेऊन खंभातेला उतरतो. मार्चमध्ये कडीजवळ लढाई होते, एप्रिलअखेर कडीचा किल्ला पडतो, जूनमध्ये तह होतो आणि कंपनीची तैनाती फौज गायकवाडांच्या खर्चानं राज्यात राहते. डिसेंबरात इंग्रज बडोद्याला वेढा घालतात. अरब शरण येतात आणि थकलेला पगार घेऊन निघून जातात.

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने भरा: राजाच्या सर्वांत जवळ कोण उभं आहे, शिक्का कुणाच्या हाती आहे, दाराबाहेर कोण ताटकळतंय. संहितेतला जो प्रवेश या तक्त्यात काहीच बदलत नाही, तो कापायच्या यादीत. मुंबईतल्या कौन्सिलचा प्रवेश, पुण्याच्या दरबाराचा प्रवेश, दोन सरदारांनी एकमेकांना वंशावळ ऐकवण्याचा प्रवेश, हे सहसा इथंच गळतात. लेखकाला वाईट वाटतं, नाटक मात्र वाचतं.

लांबी मोजायची तर ए-फोर कागदावर १४ पॉइंटात टाइप केलेलं एक पान हालचालींसह साधारण दीड मिनिट घेतं. ७५ पानांच्या पुढे जाऊ नका. पहिला अंक ६५ मिनिटं, दुसरा ५० च्या आत. मध्यंतर कडी पडल्यावर घेण्याचा मोह होतो, पण मग मध्यंतरानंतर प्रेक्षक 'आता काय उरलं' या भावनेनं परततो. मध्यंतर त्याआधी घ्या, रावजी मुंबईला पत्र लिहायचं ठरवतात आणि राजापुढे कागद सरकवतात तिथं. लोक चहा पिताना बोलतील ते असं की बोलावलेले येतील, पण परत जातील का? कडीची लढाई मग दुसऱ्या अंकाच्या पहिल्या दहा मिनिटांत संपवा आणि उरलेला वेळ डिसेंबरातल्या शहराला द्या. नाटकाचा गाभा तिथं आहे.

भाषा

बडोद्याचा मराठी प्रेक्षक गुजराती घरच्यासारखी समजतो, तेव्हा सावकारांना गुजरातीच बोलू द्या. हरिभक्ती आणि सामळ बेचर या पेढ्यांचं कर्ज दरबाराच्या मानेवर होतं. शेटजी पेढीवरच्या गुजरातीत हिशेब सांगतो आणि दिवाण मराठीत उत्तर देतो, हा प्रवेश इथं एकदम जिवंत होतो. पुण्या-मुंबईला प्रयोग न्यायचा असेल तर गुजराती काढू नका. दिवाणाच्या उत्तरात प्रश्नाचा आशय येईल एवढं बघा: 'म्हणजे व्याजात परगणाच हवा म्हणा की, शेटजी.' अरब आणि वॉकर हिंदुस्थानीत बोलतील. वॉकरला मोडकंतोडकं मराठी देऊ नका, लोक हसतात आणि मग त्याची भीती उरत नाही.

एक शब्द सांभाळून वापरा: बहांधरी, म्हणजे हमी. अरब जमादार दरबाराच्या वतीनं सावकारांना आणि माणसांना ही हमी द्यायचे. दरबारानं शब्द मोडला तर जामीन राहिलेल्या अरबाची अब्रू जायची. हे प्रेक्षकाला पहिल्या अंकातच कळलं पाहिजे. नाहीतर डिसेंबरात राजाला धरून बसलेले अरब नुसते खलनायक दिसतात. वास्तविक त्यांचे पगार थकलेत आणि त्यांनी दिलेला शब्द दुसऱ्यांनी मोडलाय.

राजाचा नट

इथं घाई नको. मंडळातला सर्वांत चांगला ऐकणारा नट निवडा. बोलणारा नव्हे, ऐकणारा. निवडीसाठी साधी चाचणी: चौघांना त्याच्याभोवती पाच मिनिटं भांडू द्या आणि त्याला एकच वाक्य द्या, 'मला विचारलंत का?' ते वाक्य कधी बोलायचं हे ज्याला कळतं, तो राजा.

दुबळेपणा दाखवायला तोतरेपणा, लाळ, थरथरते हात, तिरकी मान यांपैकी काहीही नको. ते तीन मिनिटं प्रभावी वाटतं आणि मग दोन तास त्रास देतं. शिवाय ज्यांच्या घरी असं माणूस आहे तो प्रेक्षक दुखावतो, आणि त्याचं दुखावणं रास्त असतं. दुबळेपणा दोन गोष्टींतून बांधा.

पहिली, उशीर. प्रश्न आला की मनात दोन आकडे मोजायचे आणि मग उत्तर. समोरच्या नटानं त्या दोन आकड्यांत अधीर व्हायचं. राजा दुबळा आहे हे राजा दाखवत नाही, त्याची वाट बघणारे दाखवतात. दुसरी, नजर. प्रश्न विचारणाऱ्याकडे एकदा बघायचं, आणि उत्तर देण्याआधी ज्याला राग येईल त्याच्याकडे एकदा. एवढंच. पहिल्या ताब्यात ही दुसरी नजर कान्होजीकडे जाते, मग रावजींकडे, मग जमादाराकडे. शेवटच्या प्रवेशात ती वॉकरकडे जाते, आणि वॉकरचं लक्षच नसतं, तो कागद वाचत असतो. दोन महिने नजरेची शिस्त पाळली तर तो क्षण आपोआप उभा राहतो.

तिसरी गोष्ट लेखकानं द्यायची: राजाला एक हवंसं काहीतरी हवं. राणी तख्तबाईला भेटू द्यावं, बाहेर जाऊन घोडा बघावा, असं साधं आणि नेमकं. पहिल्या प्रवेशात मागितलेलं शेवटपर्यंत मिळत नाही, म्हणून प्रेक्षक त्याच्याबरोबर राहतो. हे कल्पित आहे हे उघड असू द्या. तारखा आणि तह मात्र कल्पित नकोत.

हशाचा प्रश्न येणारच. असा एक संवाद घ्या.

रावजी: श्रीमंतांची आज्ञा आहे.
आनंदराव: माझी? कधी दिली?
रावजी: आत्ता देताहात.

लोक हसतील, हसू द्या. पण हशा ओसरेपर्यंत कुणीही हलायचं नाही, आणि मग राजानं खरोखर सही करायची. हशानंतरची ती चार सेकंदांची शांतता तालमीत बसवावी लागते, कारण तालमीत हसायला कुणी नसतं. दोन जणांना खुर्चीत बसवून मुद्दाम हसायला लावा.

बाकीचा संच १४ जणांत बसतो. दुहेरी भूमिका देताना एकच बघा: एका गोटातला चेहरा थेट शत्रूच्या गोटात जाता कामा नये. गोविंदरावांचं काम करणारा पुढे शेटजी होऊ शकतो. कान्होजीला दुसरं काहीच देऊ नका. तो मधल्या तासभरात दिसत नाही आणि डिसेंबरात कैदेतून बाहेर येतो, तेव्हा 'हा तोच' असं क्षणात ओळखू आलं पाहिजे.

नेपथ्य: चार दरवाजे, मध्ये गादी

जुन्या शहराचा नकाशाच मंचावर मांडा. मांडवीच्या चौकातून चार वाटा चार दरवाजांना जातात: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. मंचाच्या चार एन्ट्रींना हीच नावं द्या आणि विंगेत खडूनं लिहून ठेवा. कडीची माणसं उत्तरेकडून, म्हणजे चांपानेरमधून. सुरतेची गजराबाई आणि तिचे हेर गेंडीगेटातून. खंभातेहून येणारे इंग्रज लहरीपुऱ्यातून. अरब पहारा आणि वाड्यातली माणसं पाणीगेटातून. ही शिस्त कुठेही मोडू नका. अर्ध्या तासात प्रेक्षकाला नकळत कळायला लागतं की कुठल्या बाजूनं पावलं वाजली की काय येतंय. नटांनाही एन्ट्री चुकवायला वाव राहत नाही.

मध्ये गादी. लेव्हल, म्हणजे मंचावरचे लाकडी चौथरे, ६ बाय ४ फुटांच्या दोन, शेजारी जोडून ६ बाय ८, उंची १८ इंच, पुढच्या काठापासून १० फूट आत. त्यावर ३ बाय ३ फुटांची ६ इंच जाडीची गादी, मागे एक लोड, बाजूंना दोन तक्के. गादीत मऊ फोम नको. नट रुततो, पाठ वाकते आणि उठताना धडपडतो. खाली १२ मिलिमीटर प्लाय, वर कापसाची घट्ट गादी. १८ इंचांपेक्षा कमी उंची ठेवली तर बसलेला राजा सहाव्या रांगेपासून पुढच्यांच्या डोक्याआड जातो. मग दिग्दर्शक त्याला उगाच उभं करत सुटतो.

उंचीचा एक हिशेब नीट करा. बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून साधारण ३० इंचांवर असतात. राजाचे डोळे जमिनीपासून १८ अधिक ६ अधिक ३०, म्हणजे ५४ इंचांवर. वॉकरला १८ इंचांची खुर्ची जमिनीवर दिली तर त्याचे डोळे ४८ वर येतात, म्हणजे राजापेक्षा खाली. पहिल्या भेटीत हेच ठेवा. शेवटच्या प्रवेशात तीच खुर्ची ९ इंचांच्या लेव्हलवर चढवा. आता तो ५७ वर. फरक फक्त तीन इंचांचा, कुणी बोलून दाखवणार नाही, पण सगळ्यांना जाणवेल. खुर्ची नाटकभर ही एकच असावी. संखेड्याचं लाखकाम कितीही देखणं असलं तरी ते इथं नको, साधी लाकडी खुर्ची बरी.

मागे काळा पडदा पुरे. रंगवलेला वाडा हवाच असेल तर लक्ष्मी विलास चुकूनही नको, तो १८९० मध्ये पूर्ण झाला. न्यायमंदिर, झुंबरं, सोन्या-चांदीच्या तोफा ही सगळी पुढची. बडोद्याचा प्रेक्षक या बाबतीत कडक आहे आणि मध्यंतरात सांगायला येतो.

शेला आणि शिक्का

कपडे गोटांच्या रंगांवर करा. कापड मंगळ बाजारात मिळतं, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. नमुना आणून मंचावरच्या पिवळ्या प्रकाशात धरा. मंजिष्ठाचा लाल त्यात तपकिरी पडतो आणि नीळ काळी दिसते. कडीच्या माणसांना गडद लाल, रावजी आणि कारकुनांना पांढरं, कान्होजीला केशरी, अरबांना नीळ आणि कोरं कापड, कंपनीच्या शिपायांना लाल कोट. कडीचा लाल आणि कोटाचा लाल शेजारी आले तर गोंधळ होतो, म्हणून कोट शेंदराकडे झुकणारा घ्या. लग्नाच्या भाड्याच्या शेरवान्या नकोत. अंगरखा, चुडीदार, पागोटं, शेला एवढ्यात काम होतं.

राजाचा पोशाख मोतिया रंगाचा, दुसऱ्या कुणाचाही तसा नाही. आणि आता युक्ती: जो ताबा घेतो तो मानपानाच्या नावाखाली आपल्या रंगाचा शेला राजाच्या खांद्यावर घालतो. कान्होजी केशरी घालतो, रावजी तो काढून पांढरा घालतात. अरब शेला घालत नाहीत, फक्त आधीचा उतरवून घेतात, आणि राजा पहिल्यांदा उघड्या खांद्यांनी बसतो. शेवटी वॉकर शालजोडी देतो, तीही स्वतः घालत नाही, शिपायाकडून घालवतो. शेला अडीच मीटर, सुतीच घ्या. सिंथेटिक घसरतो आणि नट तो सावरत बसतो.

शिक्का म्हटला की पितळी ठसा बनवला जातो. दोन इंचांची ती वस्तू पाचव्या रांगेपलीकडे दिसत नाही. म्हणून शिक्का ८ इंचांच्या डबीत आणि डबी लाल खारव्याच्या रुमालात बांधलेली. डबीत मूठभर खडे घट्ट बांधून ठेवा, नाहीतर हातात रिकामी दिसते. मराठी कागदांवर शिक्का वर आणि मोर्तब शेवटी होतं. सहीच्या प्रवेशात या दोन हालचाली वेगळ्या करा. शिक्का रावजी उठवतात आणि मोर्तबासाठी राजाचा हात धरून दाबतात. हे हळू, सरळ प्रेक्षकांकडे तोंड करून.

लढाया

मोठं रणांगण दाखवायचा हट्ट सोडा. १४ जणांची फौज १४ जणांसारखीच दिसते. कडीची लढाई दोन भागांत करा. पहिला भाग पोवाडा: शाहीर, डफ, तुणतुणं, झांज, तीन मिनिटं. त्यात नावं, ठिकाणं आणि कोण कुणाचा कोण हे सांगून टाका. वंशावळीचा सगळा बोजा पोवाडा उचलतो, म्हणून शाहिराचे शब्द स्पष्ट हवेत, डफ शब्दांवर चढू नये. दुसरा भाग गादीवरून ऐकलेली लढाई. राजा एकटा बसलाय, चांपानेरच्या विंगेमागून आवाज येतात, जासूद तीनदा येऊन तीन वेगळ्या बातम्या देतो. कडी इथून कितीतरी दूर आहे, तेव्हा तोफ थेट ऐकू येणार नाही हे खरं. पण हे राजाच्या डोक्यातलं युद्ध आहे, आणि प्रेक्षक ते मान्य करतो.

डिसेंबरातल्या वेढ्यात मात्र तोफा खऱ्याच शहरावर आहेत. आवाजाचा स्पीकर प्रेक्षागृहातला नको. एक मोठा स्पीकर मंचाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे आवाज भिंतीला आपटून येतो आणि लेव्हल हलतात. नगारा मात्र ध्वनिमुद्रित नको, मागच्या बोळात माइकशिवाय वाजवा. दोन तोफांमधलं अंतर सारखं ठेवलं तर तिसऱ्यानंतर कुणी दचकत नाही. सात सेकंद, मग वीस, मग चार, असं विषम ठेवा.

प्रत्यक्ष झुंज एकच ठेवा, अरबांचा पहारा आणि कान्होजीची सुटका, दीड मिनिटाची. तलवारीसाठी ५ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, पातं ३० इंच, कडा आणि टोक गोल घासलेलं. प्लायच्या तलवारीच्या चिरफळ्या डोळ्यात जातात, नुसत्या लाकडाचा आवाज मेलेला येतो. ॲल्युमिनियमला खाचा पडतात, त्या प्रत्येक तालमीनंतर कानशीनं घासायच्या, नाहीतर खाच पुढच्या वेळी बोट कापते. जांबिया, म्हणजे अरबांचा वाकडा खंजीर, लाकडी आणि कमरेला शिवलेला, उपसायचाच नाही. धारेचं खरं हत्यार मंचावर नको, कुणी घरची पूजेतली तलवार आणली तरी नको.

अंतराचा नियम: हात पूर्ण लांबवल्यावर पात्याचं टोक समोरच्या छातीपासून एक वीत लांब राहिलं पाहिजे. वार डोक्यावर नाही, चेहऱ्याकडे कधीच नाही. खांद्याबाहेर आणि मांडीबाहेर. प्रत्येक वाराआधी डोळ्याला डोळा, वार घेणारा तयार झाल्याशिवाय देणाऱ्यानं हलायचं नाही. पहिले दोन आठवडे मुंगीच्या चालीनं, मग निम्म्या वेगानं. प्रयोगात पाऊण वेगाच्या वर जायचं नाही. अपघात बहुतेक दुसऱ्या प्रयोगाला होतात, कारण पहिल्याच्या टाळ्या अंगात असतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी अर्धा तास पूर्ण पोशाखात ही झुंज एकदा हळू आणि एकदा वेगात करायची. कुणी उशिरा आला तर त्या दिवशी झुंज गाळून अंधारात नुसती चकमक ऐकवायची. ती पर्यायी आवृत्ती आधीच बसवून ठेवा.

तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीनं उडणाऱ्या, बंदुका लाकडी दस्त्याला वायरिंगचा पाइप लावून होतात. तोड्यासाठी सुती दोरीच्या टोकाला ५ मिलिमीटरचा लाल एलईडी आणि सीआर २०३२ सेल, वर पातळ कापूस. काळोखात सहा लाल ठिपके गादीभोवती फिरताना दिसले की वेढ्याला दुसरं काही लागत नाही. मशालीही एलईडीच्याच. पागोटी आणि खरी आग यांची गाठ पडू देऊ नका.

प्रकाश

गादीवर कायम तीन दिवे: दोन समोरून ४५ अंशांत, एक मागून. राजा बोलत नसला, दुसरे बोलत असले, तरी गादीवरचा प्रकाश २५ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. बोलणाऱ्यांवर प्रकाश आणि राजा अंधारात, ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती वरचा सगळा खटाटोप मातीत घालते. पागोट्याच्या सावलीत डोळे हरवतात, म्हणून समोरच्या दोन दिव्यांची उंची रंगीत तालमीत पागोटी घालूनच ठरवा.

वेळापत्रक

बडोद्यात नवरात्रात तालीम ठेवणं म्हणजे रिकाम्या खोलीत बसणं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात वाचन सुरू करा. पहिले दोन आठवडे वाचन आणि तक्ता, पुढचे तीन प्रवेशवार हालचाली. त्या काळात लग्नसराईमुळे रोज कुणीतरी गैरहजर असतो, तेव्हा छोटे प्रवेश आधी घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून कमुरता लागतात, लग्नं थांबतात आणि सगळे मोकळे होतात. गर्दीचे प्रवेश, झुंज आणि सलग तालमी याच महिन्यात. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, सगळं गाव गच्चीवर, तेव्हा सुट्टी. रंगीत तालीम त्यानंतरच्या आठवड्यात आणि प्रयोग जानेवारीअखेर. त्यापुढे परीक्षांमुळे प्रेक्षक घटतो. गांधी नगरगृह असो वा अकोट्याचं सयाजी नगरगृह, तारीख बरीच आधी घ्या. मंचाची रुंदी, खोली, विंगा स्वतः टेपनं मोजा. प्रयोगासाठी लागणाऱ्या परवानगीची चौकशी बुकिंगच्या दिवशीच करा.

सलग तालमी सुरू झाल्या की आठवड्यातून एकदा मूक तालीम घ्या. पूर्ण नाटक, संवाद एकही नाही, फक्त ये-जा, शेले, शिक्का, बैठका. ती वीस मिनिटांत संपते. नाटक न वाचलेल्या दोन माणसांना समोर बसवा आणि मग विचारा: राजा किती वेळा हात बदलून गेला? उत्तर 'चार' यायला हवं. 'तीन' आलं तर बहुधा अरबांचा ताबा पुसट झालाय, शेला उतरवायची हालचाल मोठी करा. 'पाच' आलं तर मल्हारराव राजाच्या फार जवळ येतायत, त्यांना गादीच्या लेव्हलवर पाय ठेवू देऊ नका. राजाला हात लावायला न मिळणं हीच त्यांची शोकांतिका आहे.

शेवटच्या प्रवेशात तहाचा कागद होतो, वॉकर उठतो आणि लहरीपुऱ्यातून जातो. मग रावजी, मग शिपाई. चारही दरवाजे उघडे आणि पहारा कुठेच नाही. राजा उठतो, गादीच्या काठापर्यंत येतो, दोन आकडे मोजतो, आणि उत्तरासाठी जिकडे बघायची सवय लागलीय तिकडे बघतो. तिथं रिकामी खुर्ची आहे. इथं संगीत नको. प्रकाश आठ सेकंदांत उतरवा, खुर्चीवरचा सर्वांत शेवटी. अभिवादनाला सगळा संच यावा, मात्र राजाच्या नटानं शाल काढूनच पुढे यायचं.